दोनशे फुटांवरचा निर्णय

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. इन्स्ट्रुमेंटवर उडण्याचं शिक्षण न घेतलेल्या वीस वैमानिकांना एकेक करून हवेत नेलं, बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय केली आणि विमान त्यांच्या हाती दिलं. शेजारी शिक्षक होताच. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. कुणाचा विसाव्या सेकंदाला, कुणाचा आठव्या मिनिटाला. सरासरी निघाली १७८ सेकंद. त्यांतले एकोणीस जण एकाच प्रकारे फसले. विमान नकळत एका अंगावर कललं, नाक खाली गेलं आणि गोल फिरत जमिनीकडे निघालं.

हा प्रयोग घाबरवण्यासाठी नव्हता. ढगात चुकून शिरलेल्या वैमानिकाला शांतपणे १८० अंश वळून बाहेर यायला शिकवता येतं का, हे त्यात पाहायचं होतं आणि ते शिकवता आलं. पण मागे वळणं म्हणजे सुटका. जुलै महिन्यात मुंबईवर खाली उतरलेले ढग असतात, पाऊस धो धो पडत असतो, तेव्हा विमानाला मागे वळून चालत नाही. त्याच ढगांतून, काही दिसत नसताना, धावपट्टीच्या टोकापर्यंत खाली यायचं असतं. ते ज्या रीतीने केलं जातं तिला इन्स्ट्रुमेंट अप्रोच म्हणतात. विद्यार्थी-वैमानिक ती कशी शिकतो आणि शिकताना त्याच्यात काय बदलतं, हे या प्रकरणात पाहू.

कानांची खोटी साक्ष

आपण उभे आहोत की कललेले, हे मेंदूला मुख्यतः डोळे सांगतात. डोळ्यांना क्षितिज दिसेनासं झालं की मेंदू कानांकडे वळतो. प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो आणि त्या द्रवाची हालचाल टिपणाऱ्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. पाण्याने भरलेली बादली गोल फिरवू लागलं की आधी बादली फिरते, पाणी मागे राहतं. थोड्या वेळाने पाणीही बादलीच्या वेगाने फिरू लागतं. मग बादली थांबवली तरी पाणी फिरतच राहतं. कानातही तेच घडतं. वळण सुरू होताना ते जाणवतं. वळण दहा-वीस सेकंद एकसारखं चालू राहिलं की कान सांगतात, आपण सरळ चाललो आहोत. आणि वैमानिकाने विमान खरोखर सरळ केलं की कान सांगतात, आता आपण उलट्या दिशेला वळतोय. त्यातून विमान अगदी हळूहळू कललं तर कानांना सुरुवातीपासूनच काही कळत नाही.

म्हणून ढगात शरीराचं ऐकणारा वैमानिक सरळ असलेलं विमान वाकडं करतो. उंची कमी होतेय हे दिसलं की तो कंट्रोल आपल्याकडे ओढतो. विमान कललेलं असल्याने वळण आणखी आवळतं आणि खाली जाण्याचा वेग वाढतो. तो मूर्ख नसतो की भित्राही नसतो. माणसाचं शरीर जमिनीवर चालण्यासाठी घडलेलं आहे, इतकंच. म्हणूनच इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचा पहिला धडा हाताचा नसतो. स्वतःच्या शरीराची साक्ष बाजूला ठेवायला शिकणं, हाच तो धडा.

सहा तबकड्या

ही साक्ष बाजूला ठेवता येते, हे जगाला दाखवलं जिमी डूलिटलने. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर त्याने झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण केलं, वळून परत आला आणि उतरला. बाहेरचं त्याला काहीही दिसत नव्हतं. उड्डाण पंधरा मिनिटांचं होतं. पुढच्या आसनावर सुरक्षेसाठी बेन केल्सी हा वैमानिक होता, पण त्याने कंट्रोल्सना हात लावला नाही. डूलिटलसमोर रेडिओच्या मार्गदर्शनाबरोबर तीन नवी उपकरणं होती: स्पेरी कंपनीचा कृत्रिम क्षितिजदर्शक, त्याच कंपनीचा जायरोवर चालणारा दिशादर्शक आणि पॉल कोल्समनचा अतिशय संवेदनशील उंचीमापक. जुने उंचीमापक इतके ढोबळ होते की त्यांच्यावर विसंबून जमिनीजवळ येणं अशक्य होतं.

आज महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी विमान शिकणाऱ्या मुलामुलींसमोर याच उपकरणांचे वंशज असतात. जुन्या धाटणीच्या सेस्ना १७२ मध्ये सहा गोल तबकड्या दोन ओळींत बसवलेल्या दिसतात. वर वेग, कृत्रिम क्षितिज आणि उंची. खाली वळणाचा दर, दिशा आणि चढण्या-उतरण्याचा दर. नव्या विमानांत हेच सगळं एका पडद्यावर येतं. विद्यार्थ्याच्या कपाळावर हूड चढवला जातो, म्हणजे पुढे आलेला पडदा, ज्यामुळे त्याला फक्त पॅनल दिसतं. फ्लाइंग स्कूलमध्ये या सगळ्याला थोडक्यात ‘आयएफ’, म्हणजे इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग, म्हणतात.

सुरुवातीच्या आयएफमध्ये एक संवाद पुन्हा पुन्हा होतो.

“सर, विमान डावीकडे झुकतंय असं वाटतंय.”

“वाटतंय ते राहू दे. हॉरायझन काय सांगतोय?”

“लेव्हल आहे, सर.”

“मग लेव्हल आहे. पुढचं बघ.”

शेवटचे दोन शब्द फार मोलाचे आहेत. एका तबकडीवर नजर खिळली की बाकीच्या पाच हातातून निसटतात. याला फिक्सेशन म्हणतात आणि प्रत्येक नवशिक्याला ते होतं. उंची बरोबर करण्याच्या नादात दिशा वीस अंशांनी भरकटते. म्हणून नजरेला एक फेरी शिकवावी लागते, तिला स्कॅन म्हणतात. कृत्रिम क्षितिजापासून निघायचं, एका तबकडीकडे जायचं, पुन्हा क्षितिजावर यायचं, मग दुसरीकडे. ही फेरी सतत चालू ठेवायची.

स्कॅनचा दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे: उपकरणही बिघडू शकतं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. उजव्या वळणानंतर विमान सरळ झालं होतं, पण कॅप्टनसमोरचा कृत्रिम क्षितिजदर्शक उजवीकडेच कललेलं दाखवत राहिला. खाली काळा समुद्र होता, क्षितिज दिसत नव्हतं. कॅप्टनने विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं आणि ते पुन्हा सावरता आलं नाही. म्हणून विद्यार्थ्याला एका तबकडीवर श्रद्धा ठेवायला शिकवत नाहीत. अनेक उपकरणं एकमेकांशी जुळतात तेव्हाच त्यांचं म्हणणं खरं धरायचं, असं शिकवतात. शिक्षक मुद्दाम कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक झाकून टाकतो आणि उरलेल्या तबकड्यांवर विमान उडवायला लावतो. हे पार्शल पॅनल भल्याभल्यांना घाम फोडतं, पण पर्याय शोधण्याची सवय तिथेच लागते.

या सरावाचा मोठा भाग जमिनीवर होतो, आणि त्याचं श्रेय एडविन लिंक या तरुणाला जातं. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते वापरून त्याने १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डुलणारं, वळणारं खोटं विमान बनवलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखं विकलं गेलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहण्याचं काम आलं आणि वाईट हवामानात काही आठवड्यांत अनेक वैमानिक मेले, तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रं घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांवर शिकले. आज भारतात इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी ४० तासांचा इन्स्ट्रुमेंट अनुभव लागतो आणि त्यातले २० पर्यंत तास सिम्युलेटरवर धरले जातात.

हवेतली न दिसणारी उतरण

विमान सरळ ठेवता आलं की ढगात जिवंत राहता येतं. पण उतरायचं तर धावपट्टी नेमकी कुठे आहे हे कळायला हवं. त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी व्यवस्था म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम, आयएलएस. २६ जानेवारी १९३८ रोजी वॉशिंग्टनहून पिट्सबर्गला निघालेलं बोइंग २४७ प्रवासी विमान हिमवादळात या पद्धतीच्या आधारे उतरलं. तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकामागे अँटेनांची एक रांग असते. तिला लोकलायझर म्हणतात. ती एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन झोत सोडते. येणाऱ्या विमानाच्या दृष्टीने डावीकडच्या झोतावर ९० हर्ट्झचा सूर चढवलेला असतो आणि उजवीकडच्यावर १५० हर्ट्झचा. विमानातला रिसीव्हर दोन्ही सुरांची तुलना करतो. दोन्ही सारखे भरले तर विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर आहे आणि सुई मधोमध उभी राहते. एक सूर वरचढ झाला की सुई बाजूला सरकते. दुसरी अँटेना धावपट्टीच्या कडेला, जिथे चाकं टेकायची त्या भागाजवळ असते. ती हाच खेळ उभ्या पातळीत करते: वर ९०, खाली १५० आणि दोन्ही सारखे असतील तिथे साधारण ३ अंशांची उतरण. ही ग्लाइडस्लोप. या उतरणीवर प्रत्येक नॉटिकल मैलामागे सुमारे ३०० फूट खाली यायचं असतं.

विद्यार्थ्याला ग्लाइडस्लोप नेहमी खालून पकडायला शिकवतात. कारण खऱ्या उतरणीच्या वर, जास्त कोनांवर, खोट्या उतरणीही तयार होतात. वरून येणाऱ्याची सुई अशा ठिकाणी मधोमध येऊ शकते आणि तिच्यामागे गेलेलं विमान भलत्याच वेगाने खाली जाईल.

कागदावरचा अप्रोच

प्रत्येक धावपट्टीच्या प्रत्येक अप्रोचचा एक छापील तक्ता असतो, त्याला अप्रोच प्लेट म्हणतात. एका पानावर फ्रिक्वेन्सी, दिशा, टप्प्याटप्प्याच्या उंच्या, आसपासच्या टेकड्या, किती खाली यायचं त्याची मर्यादा आणि उतरता आलं नाही तर कुठे जायचं, हे सारं असतं. विद्यार्थी हे पान हवेत जाऊन वाचत नाही. खोलीत बसून, पेन्सिल हातात घेऊन, डोळ्यांसमोर विमान चालवत वाचतो. खुर्चीत बसून मोठ्याने आकडे म्हणणारी मुलं फ्लाइंग स्कूलच्या वसतिगृहात नेहमी दिसतात. त्या वेळी ती खरंच उडत असतात.

प्लेटवरचा एक बारीकसा आकडा विसरला तर काय होतं, ते उंचीमापकावरून कळतं. उंचीमापक खरं तर हवेचा दाब मोजतो. त्या ठिकाणचा त्या वेळचा दाब, म्हणजे क्यूएनएच, त्यात भरावा लागतो. दाब १ हेक्टोपास्कलने चुकला तर उंची सुमारे २८ फुटांनी चुकते. कमी दाबाच्या दिवशी प्रत्यक्ष दाब १००३ असताना मापक प्रमाण दाबावर, १०१३ वर, राहिला तर विमान दाखवतंय त्यापेक्षा जवळपास २८० फूट खाली असतं. ज्या अप्रोचची शेवटची मर्यादा जमिनीपासून दोनशे फूट आहे, तिथे या एका चुकीत सगळं संपतं. म्हणून क्यूएनएच ऐकायचा, भरायचा, मोठ्याने उच्चारायचा आणि पुन्हा तपासायचा.

सुईमागे धावू नये

अंतिम टप्पा साधारण पाच नॉटिकल मैलांपासून धरला, तर ९० नॉट्सच्या जमिनीवरील वेगाने तो सुमारे सव्वातीन मिनिटांत संपतो. वेगाला पाचने गुणलं की खाली येण्याचा दर मिळतो: मिनिटाला ४५० फूट. या मिनिटांत विद्यार्थ्याची सगळ्यात जुनी खोड उघडी पडते. सुई उजवीकडे सरकली की तो उजवीकडे वळतो, ती मधे येईपर्यंत वळलेलाच राहतो, मग पलीकडे निघून जातो, मग परत. धावपट्टीकडे तो नागमोडी जातो आणि दर वेळी वाकण आवळत जातं. कारण लोकलायझर धावपट्टीजवळ अरुंद होतो. सुई एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते तेवढं अंतर धावपट्टीच्या सुरुवातीला सुमारे २१० मीटर असतं. दहा मैलांवर तेच एक किलोमीटरहून जास्त असतं. दूरवर चालून गेलेली दुरुस्ती जवळ आल्यावर फार मोठी ठरते.

यावर शिक्षकांचा उपाय साधा आहे: सुई उडवू नकोस, दिशा उडव. वारा बाजूने असेल तर मध्यरेषेवर राहण्यासाठी नाक काही अंश वाऱ्याकडे ठेवावं लागतं. तो आकडा शोधायचा. सुई सरकली तर पाच अंशांची दुरुस्ती करायची, ती पकडून ठेवायची आणि काय होतं ते पाहायचं. जवळ आल्यावर दुरुस्ती दोन अंशांची. उतरणीबाबतही तेच: ठरलेली पॉवर, ठरलेला नाकाचा कोन, ठरलेला दर आणि त्यात बारीक फरक. वाट पाहणं हे इथलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. हात काहीतरी करायला शिवशिवत असताना दुरुस्तीला तिचं काम करू द्यावं लागतं. ज्या दिवशी विद्यार्थ्याला हे जमतं, त्या दिवशी सुया आपोआप शांत होतात. ते पाहण्यात शिक्षकाला जो आनंद होतो, तो या पेशातल्या मोठ्या सुखांपैकी एक आहे.

मिनिमा

पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर निर्णयाची उंची जमिनीपासून २०० फूट असते आणि धावपट्टीवरची दृश्यता किमान ५५० मीटर लागते. या मर्यादांना मिनिमा म्हणतात. हे आकडे अंदाजाने आलेले नाहीत. ३ अंशांच्या उतरणीवर २०० फुटांवर असताना विमान धावपट्टीच्या टोकापासून सुमारे ८७० मीटरवर असतं. धावपट्टीच्या अलीकडे अप्रोच दिव्यांची जी रांग असते ती पूर्ण असेल तर ९०० मीटर लांब असते. म्हणजे निर्णयाच्या क्षणी वैमानिकाला धावपट्टी दिसेलच असं नाही. नाकाखालून दिव्यांची रांग पुढे जाताना दिसली तर ती त्याला धावपट्टीपर्यंत नेते. धावपट्टीचं टोक तिथून वीस सेकंदांच्याही आत येतं. दिल्लीच्या हिवाळी धुक्यात याहून खाली जाता येतं, पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक या तिघांनाही वेगळी मान्यता लागते.

त्या उंचीवर प्रश्न एकच असतो: दिसतंय का? उत्तर ‘हो’ असेल तरच उतरायचं. ‘आता दिसेल’ हे उत्तर ‘नाही’ मध्येच जमा होतं.

१९ ऑक्टोबर १९८८ च्या सकाळी इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईहून अहमदाबादला निघालं. अहमदाबादला दृश्यता खराब होती. धावपट्टी दिसल्याशिवाय ज्या उंचीखाली यायचं नाही ती ५०० फूट होती. विमान त्याखाली गेलं, धावपट्टीच्या अलीकडे झाडांवर आदळलं आणि विमानातल्या १३५ पैकी १३३ जण मरण पावले. खराब दृश्यतेसाठी ठरवून दिलेली पद्धत वैमानिकांनी पाळली नाही, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. हे वैमानिक अननुभवी नव्हते. खाली जमीन जवळ आहे, धावपट्टी पुढेच आहे, हे माहीत असताना थोडं आणखी खाली जाऊन पाहण्याची ओढ माणसाला लागतेच. अनुभवाने ही ओढ कमी होत नाही. म्हणूनच निर्णय हवेत घ्यायचा नसतो. तो जमिनीवर, प्लेट वाचताना, शांत डोक्याने घेतलेला असतो. हवेत तो फक्त अमलात आणायचा असतो. मिनिमा या आकड्याचा सगळा अर्थ हाच.

पुन्हा वर

दिसलं नाही, तर गो-अराउंड. पूर्ण पॉवर द्यायची, नाक वर घ्यायचं, चढ सुरू झाला की फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत घ्यायचे, मग प्लेटवर दिलेल्या मिस्ड अप्रोचच्या वाटेने जायचं आणि त्यानंतर रेडिओवर सांगायचं. हा क्रम मोडायचा नसतो: आधी विमान, मग वाट, मग बोलणं. विद्यार्थ्यांना हा भाग अपयशासारखा वाटतो. सरावात शिक्षक बहुतेक अप्रोच इथेच संपवतात, तेव्हा ते हिरमुसतात. इतकी नेटकी उतरण करून शेवटी चाकं टेकवायला मिळत नाहीत. पण शिक्षकांचं बरोबर आहे. उतरणं विद्यार्थी दररोज करतात. जमिनीच्या इतकं जवळ आल्यावर पाठ फिरवणं मात्र दररोज होत नाही, म्हणून त्याचाच सराव जास्त हवा.

शिवाय शरीर सगळ्यात मोठा घात करतं ते याच क्षणी. पॉवर दिल्यावर विमान जोरात पुढे झेपावतं. हा धक्का आणि नाक वर गेल्याची भावना कानातल्या दुसऱ्या एका भागाला वेगळी ओळखता येत नाही. वैमानिकाला वाटतं, नाक फार वर चाललं आहे, आणि तो ते खाली ढकलतो. २३ ऑगस्ट २००० च्या रात्री बहारीनला उतरू न शकलेलं गल्फ एअरचं एअरबस ३२० परत वर जाताना असंच समुद्रात गेलं. १४३ जणांत कुणीही वाचलं नाही. चौकशीत या भ्रमाचा उल्लेख ठळकपणे आला. पहिल्या आयएफमध्ये ऐकलेलं वाक्य, ‘हॉरायझन काय सांगतोय’, खरं उपयोगी पडतं ते अशा वेळी.

उपकरणं बदलत राहतील. भारताच्या ‘गगन’ या उपग्रहाधारित प्रणालीमुळे जमिनीवरच्या आयएलएस अँटेनांशिवाय उभ्या मार्गदर्शनाचा अप्रोच करता येऊ लागला आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचं एटीआर विमान त्याच्या आधारे राजस्थानातल्या किशनगडला उतरलं. लहान धावपट्ट्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्या अप्रोचलाही प्लेट आहे, मिनिमा आहे आणि परत वर जाण्याची वाट आहे.

हे कौशल्य एकदा मिळालं की टिकतं, असंही नाही. काही महिने सराव सुटला की स्कॅन संथ होतो आणि नजर पुन्हा एकाच तबकडीवर अडकू लागते. म्हणून हजारो तास उडालेल्या कॅप्टनलाही वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये बसून परीक्षा द्यावी लागते, आणि तिथे त्याच्यापुढे जे येतं ते बारामतीच्या विद्यार्थ्यापुढे आलेलंच असतं: ढग, दोन सुया, मिनिमा आणि गो-अराउंड. बहुधा एक इंजिन बंद केलेलं असतं, इतकाच फरक.

पावसाळ्यात तुमचं विमान उतरता उतरता एकदम गर्जना करत वर निघालं, शेजारचे प्रवासी हाताच्या मुठी आवळू लागले, तर हे सगळं त्यांना सांगावं. कॉकपिटमध्ये काही बिघडलेलं असण्याची शक्यता कमी आणि शिस्त पाळली गेल्याची शक्यता खूप जास्त असते. समोर काही दिसलं नाही, म्हणून दोन माणसांनी आधीच ठरवलेलं काम केलं. त्यांना हे शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचे आपण सगळे देणेकरी आहोत.